मोज्याची सुरकुती

अमेरिकेतील यूसीएलए विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात निवड झालेले तरुण मोठ्या उमेदीने पहिल्या सरावास येत, तेव्हा प्रशिक्षक जॉन वुडन त्यांस प्रथम मोजे नि बूट कसे चढवावेत याचाच पाठ देत. टाचेपाशी व करंगळीपाशी यत्किंचितही सुरकुती राहू नये, हात फिरवून मोजा सपाट करावा, नाडी एकेका छिद्रापाशी आवळत न्यावी. कारण सुरकुतीने फोड येतो, आणि फोड आला की सरावाला खाडा पडतो. 1964 ते 1975 या कालखंडात 10 राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळविणाऱ्या या गुरूचा शिरस्ताच करडा होता: वक्तशीरपणा हवा, मुखी अपशब्द नको, सहकाऱ्याची निंदा नको. बिल वॉल्टनसारखा अव्वल खेळाडू केस वाढवून आला, तेव्हा त्यालाही सवलत मिळाली नाही. तो तडक न्हाव्याकडे गेला. मला मात्र त्या कठोरतेहून, एवढा नामांकित मनुष्य कोवळ्या मुलाच्या करंगळीची चिंता वाहत असे, ही आस्था अधिक मोलाची वाटते. हाच वॉल्टन पुढे आपल्या मुलांच्या डब्याच्या कागदी पिशव्यांवर वुडन यांची वचने स्वहस्ते लिहून देत असे.