सोयराबाईचा सवाल



आमच्या तुंगार्लीत वंदनेच्या वेळी एखादी लेक उंबऱ्याबाहेरच बसलेली दिसते. विचारावे तर आई हळूच म्हणते, "तिला कावळा शिवलाय, गुरुजी." घरात तथागतांची मूर्ती आली, पण विटाळ गेला नाही.

चौदाव्या शतकात चोखामेळ्याची पत्नी सोयराबाई हिने याच विटाळाला अभंगातून जाब विचारला. ती महार आणि त्यात स्त्री. विटाळाचा मारा दोन्हीकडून. ती म्हणाली, ज्याला विटाळ म्हणता त्यातूनच तर प्रत्येक देह जन्मतो. मग सोवळा कोण? सवाल बिनतोड होता. तरी पंढरीच्या मंदिराचे दार तिच्या माणसांना उघडायला १९४७ साल उजाडले.

बाबासाहेबांनी १९५६ साली आपल्याला त्या दाराशी तिष्ठत ठेवले नाही. धम्माचा मार्ग दिला. आपल्या शेजारच्या कार्ले लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे दानलेख पाहा. त्यांत भिक्षुणीचेही नाव कोरलेले आहे. जो धम्म स्त्रीचे नाव दगडावर कोरतो, त्या धम्माच्या घरात लेक उंबऱ्याबाहेर कशी?

येत्या पौर्णिमेला तिला आत घ्या, पुढे बसवा आणि पंचशील तिलाच म्हणू द्या. सोयराबाईला आपले उत्तर तेच.

जय भीम! नमो बुद्धाय!