मंडळी कोणाच्या हाती?

मंडळी वाढू लागली की पहिली चर्चा जागेची होते. बाके अपुरी पडतात, उपासनामंदिर मोठे हवे असते, वर्गणी कशी जमवायची हा घोर लागतो. विश्वासाची कसोटी इथेच लागते, असे आपण धरून चालतो. पण एकोणिसाव्या शतकातल्या मिशनांपुढे याहून अवघड प्रश्न उभा राहिला: वाढलेली मंडळी सोपवायची कोणाकडे?

लंडनच्या चर्च मिशनरी सोसायटीचे चिटणीस हेन्री व्हेन आणि बॉस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन यांनी त्याचे उत्तर जवळपास एकाच काळात शोधले. मंडळीने आपला खर्च, आपला कारभार आणि सुवार्तेचा प्रसार स्वतः सांभाळावा आणि मिशनऱ्याने पुढच्या मुलखात जावे. मिशनची गरज संपणे हेच मिशनचे यश, इथवर व्हेन यांचा विचार पोहोचला होता.

याच बोर्डाच्या अमेरिकन मराठी मिशनचे मोठे केंद्र असलेल्या अहमदनगरात 1854 साली हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. त्याच वर्षाअखेरीस अँडरसन हिंदुस्थानात आले. खेडोपाडी लहान मंडळ्या आणि त्यांना देशी पाळक, हे धोरण त्यांनी पुढे रेटले. त्याच ओघात मिशनच्या इंग्रजी शाळांना मात्र कात्री लागली. मुलांनी इंग्रजी शिकावे ही लोकांची इच्छा होती, पण स्वावलंबन म्हणजे काय हे ठरवले बॉस्टनने. कारभार तुमचा म्हणायचे आणि निर्णय आपण घ्यायचे, ही विसंगती या थोर कल्पनेत सुरुवातीपासूनच होती.

ती ओलांडण्याचा मोठा प्रयत्न निजामाच्या राज्यातल्या दोर्नकलला झाला. 1910 मध्ये एडिंबराच्या जागतिक मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरय्या यांनी गोऱ्या मिशनऱ्यांना सुनावले, की त्याग पुष्कळ केलात, आता बरोबरीची मैत्री द्या. अनेकांना ते झोंबले. 1912 च्या डिसेंबरात तेच दोर्नकलचे बिशप झाले. अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप. त्यांच्या मंडळ्यांत बहुतेक माला आणि मादिगा समाजातले शेतमजूर. ज्यांच्या घरी उद्याच्या जेवणाची शाश्वती नाही, त्यांनी चर्च कसे पोसायचे? बाया रोज रांधताना मूठभर तांदूळ देवासाठी बाजूला काढत. बाप्तिस्मा घेतलेल्याला स्वतःच्या डोक्यावर हात ठेवायला लावून अझरय्या त्याच्याकडून सुवार्ता सांगण्याची प्रतिज्ञा वदवून घेत. काल आलेला माणूस आज साक्षीदार होई. त्याची आधी पारख करू, मग जबाबदारी देऊ, असा हिशेब अझरय्यांनी केला नाही. दोर्नकलचे कथीड्रल 1939 साली पूर्ण होऊन अर्पण झाले. आधी माणसे, मग इमारत, असा तिथला क्रम होता.

महाराष्ट्रात नारायण वामन टिळकांनी हा विचार आणखी एक पाऊल पुढे नेला. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. ख्रिस्ताला गुरू मानणारा प्रत्येक जण त्यात यावा, मग त्याचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. व्हेन-अँडरसन यांनी मिशनच्या अधिकाराला हद्द घातली होती, टिळकांनी मंडळीची हद्दच मोकळी केली. 1919 मध्ये ते गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. तरी मंडळीत आपला कोण हे ठरवायचे कोणी, हा त्यांचा प्रश्न आजही सुटलेला नाही.

पुढे 1947 साली मद्रासला चर्च ऑफ साऊथ इंडिया आणि 1970 साली नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. परदेशी मिशनांची सत्ता संपली, पण प्रश्न घरात आला. आता किल्ल्या आपल्याच वडीलधाऱ्यांच्या कमरेला असतात. नवीन इमारतीसाठी कर्ज काढायला धैर्य लागतेच. पण तरुणांना, स्त्रियांना, काल आलेल्या गरीब कुटुंबाला कारभारात मत देताना आपण बिचकत असू, तर आपला विश्वास देवावर कमी आणि स्वतःच्या पकडीवर जास्त आहे.