साच्यातला गणपती आणि 'माझी' भक्ती

आजचं वाचन : छांदोग्य उपनिषद, अध्याय ६, खंड १.

श्वेतकेतू १२व्या वर्षी गुरुकुलात गेला, २४व्या वर्षी वेद शिकून परत आला, तोही जरा ताठ्यात. वडील आरुणी त्याला सांगतात, मातीचा एक गोळा कळला की मातीचं सगळंच कळलं. आकार म्हणजे नुसतं नाव, खरी ती माती.

मला इथे पेणचे गणपतीचे कारखाने आठवतात. एका साच्यातून कितीतरी मूर्ती. आपलंही तसंच ना? आरती, अथर्वशीर्ष, संकष्टी, सगळं घरातल्या साच्यातून आलेलं. दुसऱ्या घरात जन्मलो असतो तर आकार दुसरा. मग यात 'माझी' भक्ती कुठली? (क्लास आणि ऑब्जेक्टचं उदाहरण द्यायचा मोह आवरतोय!)

पण साचा काम कसा करतो ते बघा. शाडूसाठी प्लास्टरचा साचा घेतात आणि मळलेली माती बोटांनी दाबून आत बसवतात. प्लास्टर मातीतलं पाणी शोषतं, माती किंचित आवळते आणि साच्यापासून सुटते. घाईने काढली तर मूर्ती बसते. फार वेळ ठेवली तर आकसताना अडकून तडकते. कितीतरी घरांत हेच होतं. मुलगा प्रश्न विचारायला लागला तरी साचा उघडत नाहीत, आणि तडा गेला की दोष मातीला!

तरी एक शंका मला सोडत नाही. आकार नुसतं नाव असेल, तर चांगला साचा आणि वाईट साचा असा फरकच उरत नाही. पंगतीत कोणी कुठे बसायचं हे जातीवरून ठरवणाराही एक साचाच होता. तोही नाव म्हणून सोडून द्यायचा?

मला वाटतं, आरुणींच्या बोलण्यातच वाट आहे. आकार हेच सत्य असतं तर तो मोडताना मातीही गेली असती. शाडू भाजलेला नसतो. बिघडलेली मूर्ती पाण्यात भिजवा, पुन्हा मळा, माती तीच. म्हणून घरातली एखादी रीत चुकीची वाटली तर ती मोडताना देव हातातून जाईल ही भीती नको.

आणि साच्यातून निघालेली मूर्ती तरी कुठे पूर्ण असते? सांध्याच्या रेघा घासायच्या, सोंड-हात नीट करायचे. डोळ्यांची आखणी तर शेवटी हातानेच होते, एकेका मूर्तीसमोर बसून.

उद्या : खंड २.