गच्चीचा कठडा

शास्त्रपाठ : अनुवाद २२:८, मत्तय ४:२४, मार्क ९:१४-२९



डोंगराच्या पायथ्याशी गर्दी जमली आहे. शास्त्री आणि शिष्य यांचा वाद रंगला आहे. ज्या मुलावरून हा वाद चालला आहे, त्याच्याकडे मात्र कोणाचेच लक्ष नाही. अशा वेळी त्याचा बाप पुढे होतो आणि प्रभू येशूला मुलाची हकिकत सांगतो. मुलगा जमिनीवर पडतो, त्याच्या तोंडाला फेस येतो, तो दात खातो, त्याचे अंग ताठ होते. ही लक्षणे आज कोणत्याही डॉक्टरांना सांगितली, तर त्यांच्या मनात प्रथम अपस्माराचेच नाव येईल. आपण याला फेफरे, मिरगी, आकडी किंवा फिट येणे म्हणतो.

बापाच्या बोलण्यातील एक गोष्ट आपण सहज वाचून पुढे जातो. मुलगा पुष्कळदा विस्तवात आणि पाण्यात पडतो, असे तो सांगतो. ज्याने वर्षानुवर्षे चुलीकडे आणि विहिरीकडे भीतीने पाहिले आहे, त्याचे हे बोल आहेत. ज्या घरात हा आजार आहे, त्या घरातील आईबापांना हे वाक्य समजावून सांगावे लागत नाही.

आणि प्रभू काय करतो? हे केव्हापासून होत आहे, असे तो विचारतो. चांगला वैद्यही प्रथम हाच प्रश्न विचारतो. सर्वज्ञ प्रभूला उत्तर ठाऊक नव्हते काय? होते; परंतु त्या बापाचे ऐकून घेणारा कोणीतरी हवा होता.

या वचनावरून काही जण असा निष्कर्ष काढतात की, फिट येणारा प्रत्येक माणूस भूतग्रस्त आहे. आम्हांस वाटते, पवित्र शास्त्र तसे शिकवीत नाही. मत्तय ४:२४ मध्ये येशूकडे आणलेल्या लोकांची यादी आहे. तीत भूतग्रस्त वेगळे, फेफरेकरी वेगळे आणि पक्षघाती वेगळे सांगितले आहेत. शुभवर्तमानकाराने जो भेद केला, तो आपण पुसून टाकू नये. अपस्मार हा मेंदूचा आजार आहे. मेंदूतील पेशी विजेच्या सूक्ष्म संदेशांनी काम करतात. त्या संदेशांचा क्षणभर कल्लोळ झाला की झटका येतो. जन्मवेळची इजा, डोक्याला मार, मेंदूज्वर अशी कारणे असू शकतात. पुष्कळदा कारण सापडतही नाही. आपल्या देशात फीतकृमीची अंडी दूषित अन्नपाण्यावाटे पोटात जाऊन मेंदूत गाठी होणे, हेही एक मोठे कारण आहे. म्हणून भाजी नीट धुणे आणि हात स्वच्छ ठेवणे हाही या आजारावरचा एक उपाय आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे, आणि योग्य औषधोपचार मिळाल्यास त्यांपैकी शेकडा ७० पर्यंत लोकांचे झटके थांबू शकतात.

आता मोशेच्या नियमशास्त्राकडे वळू. अनुवाद २२:८ मध्ये एक लहानशी आज्ञा आहे. नवे घर बांधशील तेव्हा गच्चीला कठडा कर, नाहीतर कोणी पडून मेल्यास त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, असा तिचा आशय आहे. त्या देशात गच्चीवर लोक बसत, निजत, प्रार्थना करीत. देवाने असे म्हटले नाही की, माझ्यावर विश्वास असेल तर कठड्याची गरज नाही. त्याने असेही म्हटले नाही की, पडण्याची भीती आहे म्हणून गच्चीचा जिनाच बंद करा. त्याने कठडा बांधायला सांगितले. कारण माणसांनी निर्धास्तपणे वर जावे.

अपस्मार असलेल्यांचे जीवन या दोन चुकांमध्ये सापडते. काही घरांत कठडाच नसतो, तर काही घरांत जिन्याला कुलूप असते. शाळा बंद, मंडळीच्या सहलीला जाणे बंद, एकट्याने दुकानापर्यंतही जाणे बंद! असे आयुष्य सुरक्षित खरे, पण त्यात श्वास कोंडतो.

मग कठडा कसा बांधावा? विस्तव आणि पाणी, येथूनच सुरुवात करू. स्वयंपाक करताना शेगडी मागच्या बाजूची वापरावी, भांड्यांचे दांडे आत वळवावेत, आणि शक्य तर घरात कोणी असताना चुलीजवळ उभे राहावे. स्नानासाठी बादली व तांब्या बरा. न्हाणीघराची आतली कडी लावू नये, दारावर पाटी अडकवली तरी पुरे. विहीर, तलाव, नदी, समुद्र येथे एकट्याने उतरू नये. गोव्याच्या किनाऱ्यावरील बंधूंनी हे विशेष ध्यानात घ्यावे. उघड्या गच्चीवर आणि शिडीवर चढू नये.

प्रवास टाळण्याचे कारण नाही. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद येथील आपल्या कुटुंबांना सोयरिकीसाठी, सुटीसाठी लांबचा प्रवास करावाच लागतो. रेल्वेत खालचा बर्थ मागून घ्यावा. फलाटावर कडेपासून दूर, भिंतीजवळ उभे राहावे. डब्याच्या दारात उभे राहू नये. गोळ्या ट्रंकेत नव्हे, हातातल्या पिशवीत ठेवाव्यात, आणि दोनतीन दिवसांच्या जास्तीच्या घ्याव्यात. खिशात एक चिठ्ठी असावी. तीवर नाव, आजार, औषध आणि नातेवाइकाचा फोन क्रमांक लिहावा. सहप्रवाशाला आधीच दोन शब्द सांगून ठेवण्यात कमीपणा नाही.

वाहन चालविण्याची गोष्ट निराळी. परवान्याच्या अर्जासोबत जे स्वघोषणापत्र भरावे लागते, त्यात अपस्माराविषयी सरळ प्रश्न आहे. तेथे खोटे लिहून परवाना मिळवणे ही चतुराई नव्हे. कठडा आपल्यासाठी असतो, तसा रस्त्याने चालणाऱ्या शेजाऱ्याच्या लेकरासाठीही असतो. स्कूटरची किल्ली दुसऱ्याच्या हाती देणे तरुण माणसाला किती कठीण जाते, हे आम्ही जाणतो. पण हा त्याग प्रीतीचा आहे, आणि प्रभू तो पाहतो. मंडळीतील ज्यांच्याकडे वाहन आहे, त्यांनी रविवारी वाट वाकडी करून अशा भावाला उपासनेला आणावे. हाही कठड्याचा एक दगड आहे.

सर्वांत मोठा दगड औषधाचा. येथे आम्हांस स्पष्ट बोलले पाहिजे. प्रार्थना झाली, आता गोळ्या बंद करून विश्वासाची साक्ष द्या, असा सल्ला अधूनमधून दिला जातो. या आजाराच्या गोळ्या एकाएकी बंद केल्या, तर झटक्यामागून झटके येऊन प्राणावर बेतू शकते. सैतानाने प्रभूला मंदिराच्या शिखरावर नेऊन खाली उडी टाकायला सांगितले, तेव्हा प्रभूने देवाची परीक्षा पाहण्याचे नाकारले. आजारी माणसाला गोळी फेकायला सांगणे म्हणजे त्याला त्या शिखरावरून उडी टाकायला सांगणेच होय. देवाने बरे केले असेल, तर डॉक्टर तपासतील आणि औषध हळूहळू कमी करतील. खरे आरोग्य तपासणीला भीत नाही. गरोदर भगिनींनीही मनाने औषध सोडू नये. शक्यतो आधीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

प्रार्थना आणि औषध यांचे वैर आपल्या पूर्वजांनी मानले नाही. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. जेकब चंडी यांनी १९४९ मध्ये भारतातील मज्जाशस्त्रक्रियेचा पहिला विभाग सुरू केला, आणि १९५२ मध्ये तेथे अपस्मारावर शस्त्रक्रिया झाली. तो ख्रिस्ती सेवेचाच भाग होता.

कोणी म्हणेल, ही जात प्रार्थनेवाचून निघत नाही असे प्रभूने सांगितले ना? होय, काही जुन्या प्रतींत उपासाचाही उल्लेख आहे. पण हे त्याने कोणाला सांगितले? शिष्यांना, मुलाला नव्हे. प्रार्थनेचे ओझे निरोग्यांनी उचलावयाचे आहे. जागरण, उपाशी पोट आणि चुकलेली गोळी यांनी झटका येण्याचा संभव वाढतो. म्हणून रात्रभराच्या प्रार्थनासभेत अशा बंधुभगिनींनी घरी जाऊन झोप घेतली, तर कोणी नाक मुरडू नये. खचलेल्या एलियाला देवदूताने प्रथम निजू दिले, जेवू घातले, आणि मगच पुढच्या प्रवासाला लावले.

उपासनेत कोणाला झटका आला तर? घाबरू नये, गर्दी करू नये. बाक बाजूला सारावा, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, गळ्याभोवतालचे कपडे सैल करावेत, झटका ओसरू लागताच कुशीवर वळवावे. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये; कांदा वा चप्पल हुंगवू नये. घड्याळ पाहावे. बहुतेक झटके दोनतीन मिनिटांत थांबतात. पाच मिनिटांहून अधिक चालला, शुद्ध न येता दुसरा आला, किंवा इजा झाली, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पूर्ण शुद्ध येईपर्यंत कोणीतरी जवळ बसावे. हा आजार स्पर्शाने पसरत नाही. प्रभुभोजनाचा प्याला त्याच्यापासून दूर नेऊ नये.

लग्नाच्या गोष्टीतही सत्य आणि दया दोन्ही हवीत. हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात अपस्मार हा विवाहातील अडथळा मानला जात होता. १९९९ मध्ये संसदेने तो शब्द काढून टाकला. कायद्याने दार उघडले, मग मंडळीने ते का लोटावे? मात्र आजार लपवून सोयरीक करू नये. लपवलेल्या आजाराच्या गोळ्याही लपूनच घ्याव्या लागतात, आणि मग त्या चुकतात.

मार्काच्या हकिकतीचा शेवट पाहा. मुलगा निपचित पडला. तो मेला, असे पुष्कळ लोक म्हणू लागले. प्रभूने मात्र त्याचा हात धरला, त्याला उठवले, आणि तो उभा राहिला. आपल्या मंडळीतही असे कोणी आहेत. त्यांच्याविषयी लोक काहीबाही बोलतात, आणि ते मागच्या बाकावर गुपचूप बसतात. ज्यांचा आजार प्रभू आज दूर करतो, त्यांच्याबरोबर आनंद करू. ज्यांना तो आयुष्यभर वागवावा लागतो, त्यांचा हात धरू. बापाने अविश्वासात साहाय्य मागितले; तसे आपणही मागू, आणि कठड्याचा आपल्या वाट्याचा दगड आजच रचू.

हे करुणेच्या देवा, विस्तवात आणि पाण्यात तुझ्या लेकरांना राख, आणि आम्हांला त्यांचे राखणदार कर. आमेन.