उरलेलं कोणाच्या वाट्याचं?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

बँकेत छत्तीस वर्षे कारकुनी केली. रोज संध्याकाळी कॅश मोजायची, शिल्लक जुळवायची आणि दुसऱ्या दिवशी तोच आकडा आरंभीची शिल्लक म्हणून पुढे ओढायचा. रुपयाचा फरक आला तरी घरी जाता येत नसे. पण सणाच्या दुसऱ्या दिवशी घरातल्या पातेल्यांत आणि फ्रीजमधल्या डब्यांत जी शिल्लक उरते, तिचा हिशेब मला कधी जमला नव्हता. तो जमला नव्हता हे कळायलाही निवृत्ती यावी लागली.

दोन वर्षांपूर्वीच्या आखाजीची गोष्ट. आखाजी म्हणजे आपल्या खान्देशात लेकींचा सण. धुळ्याहून लेक, जावई, नातवंडं आली होती. खापरावरचे मांडे, आमरस, कटाची आमटी, कुरडया असा थाट होता. आठ माणसांचा स्वयंपाक सोळांना पुरेल एवढा केला, कारण सणाला कमी पडलं तर आपल्याला लाज वाटते, उरलं तर वाटत नाही. जळगावचा वैशाख, पारा ४४ च्या वर, त्यात रात्री चार तास वीज गेली. तिसऱ्या दिवशी मी पुरणाचा डबा उघडला, वास घेतला आणि झाकण पुन्हा लावून टाकलं. थोड्या वेळाने भांड्यांना येणाऱ्या बाई आल्या. तो डबा पिशवीत रिकामा करून, वर सहा मांडे घालून मी त्यांना दिला. "पोरांना द्या," म्हणालो. मनाला फार बरं वाटलं. अन्न वाया गेलं नाही आणि दानही झालं.

दुसऱ्या दिवशी हौसेनं विचारलं, "काय ताई, पोरांना आवडलं का?"

त्या खाली मान घालून भांडी घासत होत्या. म्हणाल्या, "काका, पुरन आंबी जायेल व्हतं. पोरेसले कशी देऊ? गायले घाली दिन्हं."

तक्रारीचा सूरसुद्धा नव्हता. संध्याकाळी दिवा लावताना सौभाग्यवतीने एकच प्रश्न विचारला, "तुम्ही वास घेतला होता ना?"

घेतला होता. म्हणजे जे मी तोंडात घातलं नाही, ते त्यांच्या लेकरांना चालेल असं मी ठरवलं होतं. हा माझा हिशेब.

तेव्हापासून प्रश्न डोक्यात आहे. अन्न टाकणं पाप, हे आपण लहानपणापासून ऐकतो. शिळं खाणं वाईट, हेही ऐकतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात शिळं आणि उष्टं अन्न तामसी सांगितलं आहे. मग उरलेल्याचं करायचं काय? टाकावं तर अन्नाचा अपमान, खावं तर तामसी आहार, आणि दिलं तर काय होतं ते वर सांगितलंच.

याच सतराव्या अध्यायात थोडं पुढे दानाचेही प्रकार आहेत. मान न राखता, तुच्छतेने दिलेलं दान तामसी. म्हणजे माझ्या त्या पिशवीत तामसी अन्न तर होतंच, दानही तामसीच होतं.

धुळ्याला मी काही वर्षे नोकरीला होतो. तिथल्या तुरुंगात १९३२ साली विनोबाजींनी दर रविवारी एक याप्रमाणे गीतेवर अठरा प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. सतराव्या अध्यायाचं प्रवचन १२ जून १९३२ चं. त्यात विनोबा सांगतात की सृष्टीची जी झीज आपण करतो ती भरून काढणं म्हणजे यज्ञ, आणि समाजाचं आपल्यावर जे ऋण आहे ते फेडणं म्हणजे दान. माझ्यासारख्या कारकुनाला हे चटकन समजलं. दान म्हणजे उपकाराची रक्कम नव्हे, कर्जाचा हप्ता आहे. केळीचे पैसे आले की खेड्यातला शेतकरी हप्ता भरायला काउंटरवर यायचा. बंडी चाचपून त्यातल्या त्यात कोऱ्या नोटा काढून द्यायचा, फाटकी नोट स्वतःकडे ठेवायचा. मी मात्र माझा हप्ता फाटक्या नोटांत भरत होतो आणि वर पावतीची अपेक्षा करत होतो.

आता गीतेचाच तिसरा अध्याय पाहा. यज्ञ करून जे उरतं ते खाणारे सज्जन पापातून सुटतात, आणि जे फक्त स्वतःसाठी रांधतात ते पापच खातात, असं तिथे भगवंतांनी म्हटलं आहे. म्हणजे उरलेलं अन्न एका ठिकाणी तामसी आणि एका ठिकाणी पवित्र! यात विरोध नाही. फरक क्रमाचा आहे. आधी दुसऱ्याचा वाटा काढला आणि मग उरलेलं आपण खाल्लं, तर ते शेष, तो प्रसाद. आधी आपण पोटभर खाल्लं आणि मग उरलेलं दुसऱ्याला दिलं, तर ते उष्टं, खरकटं. अन्न तेच, रांग उलटी.

गुरुचरित्राच्या ३८व्या अध्यायातली भास्कर ब्राह्मणाची कथा आपण सगळे पारायणात वाचतो. तिघांपुरता शिधा घेऊन आलेला गरीब माणूस, आणि श्रीगुरूंच्या कृपेने चार हजार लोक जेवले. मी इतकी वर्षे त्यातला चमत्कारच पाहत आलो. आखाजीनंतर वाचताना क्रम दिसला. आधी सगळा गाव जेवला. भास्कर जेवला शेवटी. आणि त्यानंतरही जे उरलं ते जलचरांच्या मुखी गेलं. त्यात कोणाला आंबलेलं मिळालं नाही. (हे वाचून कोणी पत्रावळींसकट उरलेला भात गिरणेत किंवा तापीत ओतू नये. जलचरांना अन्न घालणं वेगळं, नदीचा उकिरडा करणं वेगळं.)

क्रमाबरोबर आणखी एक गोष्ट सांगायला हवी. "उरलेलं आपण खावं" असं म्हणणं पुरुषांना सोपं आहे. आमच्या घरी ते "आपण" म्हणजे आई होती. वडील आणि आम्ही भाऊ ताजी भाकरी खायचो, आई सगळ्यांच्या नंतर सकाळची भाकरी पाण्याचा हबका मारून कुस्करून खायची. जन्मभर. आम्ही त्याला तिचा साधेपणा म्हणायचो. आता वाटतं, तोही आमचा चुकलेला हिशेबच होता. शिळं असेल तर ते सगळ्यांच्या ताटात सारखं पडलं पाहिजे, मालकाच्या ताटातही.

म्हणून घरात चार नियम केले. सणाचा स्वयंपाक झाला की नैवेद्यानंतर पहिला डबा बाईंच्या घरी जातो, गरम असतानाच, आणि आमची पानं त्यानंतर वाढली जातात. उरलेलं गार झालं की लगेच फ्रीजमध्ये. शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू द्यायचं नाही, उन्हाळ्यात तर तासभरच. विशेषतः भात. बाहेर राहिलेल्या भातात जे विष तयार होतं ते फोडणी दिल्यानेही जात नाही. दुसऱ्या दिवशी घरातले सगळे मिळून उरलेलं संपवतो. वरणात फळं सोडायची, पोळ्यांचा कुस्करा, बट्टीचा चुरा करून तूप-गूळ. धर्मशास्त्रानेही तुपातेलातले आणि गव्हाचे पदार्थ शिळे असले तरी चालवून घेतले आहेत. आणि कटाची आमटी तरी काय आहे? डाळ शिजवून उरलेलं पाणी! चौथा नियम, वास आला की संपलं. ते खड्ड्यात, झाडाच्या मुळाशी. गाईलाही नाही. पुण्य म्हणून पोळ्या, पुरण, भात ढिगाने घातला तर गाईच्या पोटात आम्ल होतं आणि जनावर दगावतं. गाय म्हणजे आपल्या चुकांची कचरापेटी नव्हे.

मार्गशीर्ष पौर्णिमेला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा सुरू होते, आणि इकडे गावोगावी दत्तमंदिरांत वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीचे भंडारे होतात. आमच्या मंदिराच्या भंडाऱ्याचा हिशेब माझ्याकडे असतो. पूर्वी शेवटच्या पंगतीनंतर उरलेलं घेऊन कार्यकर्ते सरकारी दवाखान्याकडे जायचे, रुग्णांच्या नातेवाइकांसाठी. रात्रीचे अकरा वाजायचे, बट्टी दगड झालेली असायची. गेल्या वर्षी मी बैठकीत एवढंच सुचवलं की पहिली पंगत बसण्याआधी ते डबे भरून पाठवू. एकजण म्हणाला, "आणि शेवटी कमी पडलं तर?" मी म्हटलं, "तर आपण कार्यकर्ते कमी खाऊ." थोडी कुरकुर झाली, पण डबे आधी गेले. शेवटी आम्हा सहा-सात जणांना भाजी उरली नाही. वरणात बट्टी कुस्करून खाल्ली. तेवढं गोड जेवण मला आठवत नाही.

अवधूतांनी चोवीस गुरू केले. त्यांत मधमाशीही आहे, साठवून ठेवते म्हणून मधासकट नाश पावणारी. आमच्या घरचा फ्रीज पाहून मला तीच आठवते. दत्तप्रभू रोज भिक्षेला कोल्हापूरला येतात अशी आपली श्रद्धा आहे. ते कोणत्या वेषात येतात हे कोणाला ठाऊक? आमच्या दारी कदाचित ते भांडी घासायलाच येत असतील. त्यांच्या झोळीत काय घालायचं, हे डबा उघडून वास घेण्याआधी ठरवायला हवं.

त्या बाई अजून आमच्याकडे येतात. परवा मुलाच्या वाढदिवसाला त्यांनी शिरा केला होता. सकाळी कामाला येताना वाटीत झाकून आणला. गरम होता.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!