अंतराने दोष उणावतो काय?

वधाचा विचार करताना आमच्या स्मृतिकारांनी केवळ शस्त्र चालविणाऱ्या हाताकडे पाहिले नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात पशुवधाच्या संदर्भात आठ घातक सांगितले आहेत. प्रत्यक्ष मारणारा हा त्यांतला केवळ एक. यादीच्या आरंभी उभा आहे तो नुसती अनुमती देणारा. शिजविणारा, वाढणारा, खाणारा हेही सुटत नाहीत. ही गणना मांसाच्या प्रकरणातील आहे, युद्धाच्या नव्हे, हे आम्ही जाणतो. तथापि दूर पल्ल्याच्या बाँबफेकी विमानांविषयी वाचू लागलो की ती पुनःपुन्हा मनात येते. कारण घातकांची साखळी इतकी लांबविणारे दुसरे यंत्र युद्धशास्त्राने क्वचितच निर्माण केले असेल.

२०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या मिसूरी राज्यातून सात बी-२ विमाने निघाली, इराणातील फोर्दो व नतांझ येथील भूमिगत अणुकेंद्रांवर त्यांनी १४ प्रचंड बाँब टाकले आणि वाटेत हवेतच इंधन भरून घेत सुमारे ३७ तासांनी ती स्वस्थानी परतली. प्रत्येक विमानात माणसे दोनच. ती मोहीम न्याय्य होती की नाही, हा वाद येथे नको. आमचे लक्ष गेले ते या गोष्टीकडे, की वैमानिक घरून निघाला आणि घरीच जेवावयास आला. मधल्या वेळात त्याने ज्यावर घाव घातला ते त्याने पडद्यावरील खुणेखेरीज पाहिलेही नसावे.

या विमानामागे एक तत्त्वज्ञान आहे, आणि ते वरवर पाहता दयाळू आहे. इटालियन सेनानी जुलिओ दुहे याने १९२१ च्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादिले की शहरांवरच आकाशातून आघात केला तर प्रजेचे धैर्य खचेल, युद्ध लवकर संपेल आणि एकंदर हानी कमीच होईल. फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रिटिश वायुदलास जो आदेश मिळाला त्यात शत्रूच्या नागरी प्रजेचे, विशेषतः कामगारांचे, मनोधैर्य हेच लक्ष्य ठरविलेले होते. पुढे १९४३ चे हँबुर्ग झाले, आणि ९-१० मार्च १९४५ च्या एका रात्रीत टोकियोत सुमारे एक लक्ष माणसे जळाली. वैमानिकांस भ्याड म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. ब्रिटनच्या बाँबफेकी दलातील ५५ हजारांहून अधिक तरुण त्या युद्धात मेले. तरीही चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांनी फेब्रुवारी १९४४ मध्ये, युद्ध भरात असताना, उमरावांच्या सभेत उभे राहून या धोरणाचा जाब विचारला. असे धैर्य आमच्या मते विमानातील धैर्याहून निराळ्या जातीचे आहे; हलके खास नव्हे.

‘मारण्याचा आमचा हेतू नव्हता’ हा बचाव वकिलाच्या कानास परिचयाचा आहे. तो पुरेसा नाही, हेही तो जाणतो. आमच्या जुन्या दंडसंहितेच्या कलम २९९ ने, आणि आता न्याय संहितेच्या कलम १०० ने, हेतूबरोबरच जाणीवही मोजली आहे : या कृत्याने मृत्यू ओढवण्याचा संभव आहे हे ठाऊक असून ते केले, तर सदोष मनुष्यवध घडतो. उंचीने दृष्टी मंद होते. जाणीव मंद होत नाही. कारखान्याभोवती वस्ती आहे हे तीस हजार फुटांवरूनही ठाऊकच असते.

राष्ट्रांच्या न्यायालयांनी मात्र या प्रश्नास सहसा बगल दिली. न्यूरेंबर्ग येथे शहरांवरील बाँबवर्षावाचा आरोप कोणावरही ठेवला गेला नाही. जेत्यांचे हातही तेथे स्वच्छ नव्हते. अपवाद टोकियोच्या जिल्हा न्यायालयाचा. ७ डिसेंबर १९६३ च्या निकालात त्याने हिरोशिमा-नागासाकीवरील आघात आंतरराष्ट्रीय विधीच्या विरुद्ध ठरविले, आणि त्यासाठी १९२३ च्या हेग येथील हवाई युद्धनियमांचा आधार घेतला, जे कोणत्याही राष्ट्राने विधिवत स्वीकारलेले नव्हते. वादींस भरपाई एक येनही मिळाली नाही. आम्हांस तो निकाल तरीही मोलाचा वाटतो.

विमानाच्या बाजूने एक युक्तिवाद खरोखर वजनदार आहे. क्षेपणास्त्र सुटले की सुटले. विमानास परत बोलावता येते. महाभारताच्या सौप्तिक पर्वात हाच भेद आहे. अर्जुनाने आपले अस्त्र आवरले. अश्वत्थाम्यास सोडणे ठाऊक होते, आवरणे नव्हते, आणि ते गर्भावर जाऊन पडले. परंतु याच भरवशावर अमेरिकेने १९६० च्या दशकात अण्वस्त्रधारी बी-५२ विमाने अहोरात्र आकाशात ठेवली, तेव्हा १९६६ मध्ये स्पेनच्या पालोमारेस गावी व १९६८ मध्ये ग्रीनलंडच्या थुले येथे अपघात होऊन बाँब जमिनीवर व हिमावर आले. त्यानंतर तो प्रकार बंद पडला. शेवटचे बी-५२ १९६२ मध्ये बांधले गेले, आणि नवी इंजिने बसवून ती विमाने २०५० नंतरही चालविण्याचा बेत आहे. आजोबाचे विमान नातू चालवील. २०२३ मध्ये प्रथम उडालेल्या बी-२१ ची कल्पना तर प्रसंगी वैमानिकाविनाही उडावे अशीच मांडली गेली होती. मग परत बोलवावयाचे कोणास? आज्ञा ऐकून क्षणभर थबकणारा कोणी तेथे असणारच नाही.

अस्त्र आवरण्याची एक लहानशी गोष्ट गोव्याच्या भूमीवरची आहे. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारताच्या १२ कॅनबेरा विमानांनी दाबोळीवर बाँब टाकले. (कॅनबेरा काही खंड ओलांडणारे विमान नव्हे, पण बाँब तो बाँबच.) धावपट्टी उखडावयाची, विमानतळाच्या इमारतींस धक्का लावावयाचा नाही, अशी आज्ञा होती, आणि ती पाळली गेली. उभी असलेली दोन प्रवासी विमानेही वाचली. त्याच रात्री पोर्तुगीज अधिकाऱ्यांची कुटुंबे घेऊन ती फुटक्या धावपट्टीवरून उडाली व कराचीस पोहोचली. युद्धशास्त्राच्या वहीत ही उणीव म्हणून नोंदविली जाईल. आम्हांस त्या निसटण्याचे दुःख नाही.