काही झालं नाही, म्हणजे दोष नाही?



ब्रेक दाबला की माझ्या गाडीच्या मागच्या चाकातून किर्र आवाज यायचा. सौ. दोनदा म्हणाली, "अहो, एकदा दाखवून घ्या ना." मी भजनाचा आवाज वाढवला आणि दिवस काढले. त्याच गाडीतून आईला व मुलांना घेऊन बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याला जाऊन आलो. काही झालं नाही.

परतल्यावर गॅरेजला गेलो. चाकाच्या फटीतून दिसणारं बाहेरचं पॅड बरं होतं. चाक काढलं, तर आतलं २ मिलिमीटरही उरलं नव्हतं. नवं पॅड साधारण १० मिलिमीटरचं असतं, ३ वर आलं की बदलायचं. कॅलिपरची पिन जाम झाल्याने एकच बाजू झिजत होती. मेकॅनिक म्हणाला, "काका, बाहेरनं बघून कळत नाही ओ. म्हणून तर पॅडला पत्र्याची पट्टी असते. पॅड संपत आलं की ती डिस्कला घासून ओरडते."

त्याने दोन्ही मागच्या चाकांची पॅड जोडीनेच बदलली, पिना साफ करून ग्रीस लावलं, पिस्टन फिरवून आत बसवला. किल्ली देण्याआधी मला ब्रेक दाबायला लावला. पहिल्यांदा पेडल खोल गेलं, चार-पाच वेळा दाबल्यावर घट्ट झालं. हे न करता गाडी काढली, तर पहिला ब्रेक लागतच नाही.

घरी आल्यावर मी म्हणालो, "गुरुकृपेने वाचलो!" पण रात्री मन खाऊ लागलं. कृपा तर आधीच आली होती, त्या आवाजातून आणि सौ.च्या बोलण्यातून. मीच कान बंद केले. आई मागच्या सीटवर डोळे मिटून जप करत होती. तिचा माझ्यावरचा विश्वास मी तिला न विचारता पणाला लावला.

अपघात झाला असता तर सगळ्यांनी मला दोष दिला असता. झाला नाही, म्हणून मी निर्दोष ठरतो का? मला तसं वाटत नाही. फळ आपल्या हाती नसतं, पण कळूनही टाळायचं की नाही हे आपल्याच हाती असतं. माझ्याकडून चूक झाली ती घाटात नाही, भजनाचा आवाज वाढवला तेव्हाच झाली.

म्हणून या आठवड्यात एवढंच करू या. आपल्या गाडीत, घरात, नात्यात कुठला आवाज आपण दाबून ठेवलाय ते पाहू या. आणि गाडीचा असेल, तर उद्याच चाक काढून आतलं पॅड बघून घ्या.

जय गुरुदेव 🙏